जाम दरवाजा ते सर्व्हर: रोल-प्लेइंग गेम पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

आमच्या लोकमान्य नगरातल्या शेजारच्या काकूंनी गेल्या दिवाळीत मला विचारलं, “आमचा नातू रात्री हेडफोन लावून जे खेळतो आणि तुम्ही शनिवारी टेबलाभोवती बसून फासे टाकत जे खेळता, ते एकच का गं?” प्रश्न रास्त होता. दोन्हींना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. दोन्हींत आपण एक पात्र घेतो, त्याची लेव्हल वाढते, त्याला तलवार मिळते, ते राक्षसांशी लढतं. मी दोन्ही प्रकार बरीच वर्षं खेळते आहे, आणि इंदूरमधल्या आमच्या ओळखीतली मुलं नि दोन-तीन मोठी माणसंही माझ्या टेबलावर शिकून गेली आहेत. काकूंना सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, यातलं काहीच न खेळलेल्यांसाठी.

पायरी पहिली: फरक कुठे आहे ते ओळखा

टेबलावर तुम्हाला माणूस उत्तर देतो, ऑनलाइन प्रोग्राम उत्तर देतो. मला विचाराल तर मूळ फरक एवढाच. वेळ, खर्च, भाषा, भांडणं, सगळ्यांतले फरक त्यातूनच फुटतात.

समजा तुमच्या पात्रापुढे एक बंद दार आहे. टेबलावर तुम्ही म्हणू शकता, मी दार वाजवते. किंवा बिजागऱ्यांना तेल लावते, खालच्या फटीतून धूर सोडते, नाहीतर दाराला हातच न लावता रात्रभर बाहेर पहारा देते. गेम मास्टर, म्हणजे खेळाडूंची पात्रं सोडून बाकी सगळं जग चालवणारा माणूस, क्षणभर विचार करतो आणि पुढे काय झालं ते सांगतो. ऑनलाइन गेममध्ये ते दार कशाने उघडेल हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. किल्ली असेल तर उघडेल. नसेल तर तुम्ही साठाव्या लेव्हलचे योद्धे असलात तरी ते लाकडी दार हलणार नाही. त्या बदल्यात ऑनलाइन जग जे देतं ते टेबलाला जमणार नाही: तुम्ही झोपलेले असतानाही ते चालू असतं. बाजारात भाव चढ-उतार करतात, हजारो अनोळखी माणसं त्याच दारावरून जातात, आणि आठवड्याने परतलात तरी डोंगर-नद्या जिथल्या तिथे असतात.

दोघांचं घराणं मात्र एक आहे. सैनिकांच्या लहान लहान बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळांतून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. हिट पॉइंट (पात्र किती मार सोसेल तो आकडा), लेव्हल, क्लास (योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार) हे शब्द याच खेळाने रूढ केले. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ लिहिला. त्यात चित्रं नव्हती, सगळं अक्षरांत. पण एकाच काल्पनिक जगात अनेक जण एकाच वेळी फिरू शकत होते. पुढे १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. नातवाच्या हेडफोनमध्ये जे वाजतं ते थेट त्या टेबलापर्यंत मागे जातं.

पायरी दुसरी: माणसं मोजा, घड्याळ बघा

कोणता खेळ चांगला हे नंतर. आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा: माझ्याबरोबर कोण आहे, आणि माझ्याकडे सलग किती वेळ आहे?

टेबलासाठी गेम मास्टर धरून चार-पाच माणसं आणि सलग तीन तास लागतात. पाच जणांची एक संध्याकाळ जुळवणं हेच या खेळातलं सगळ्यात अवघड काम आहे. कुणाची परीक्षा, कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचं गणपतीत नाटक. म्हणून तारीख महिनाभर आधी पक्की करा आणि एखादा आला नाही तरी खेळ होणार असं आधीच ठरवा. आमच्याकडे दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ ठरलेली आहे. नऊला पात्रांची पत्रकं बंद. मग ज्यांना जायचं ते सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात जातात. थंडीत गराडू खात खात कुणाचं पात्र कुठे चुकलं यावर आणखी एक तास जातो.

ऑनलाइनला माणसं गोळा करावी लागत नाहीत. रात्री अकरालाही कुणी ना कुणी असतंच. पण इथे घरच्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगा, कारण निम्मी भांडणं तिच्यावरून होतात: ऑनलाइन गेमला पॉज नसतो. आई “जेवायला चल” म्हणते आणि मुलगा “पाच मिनिटं” म्हणतो, तेव्हा तो दर वेळी हट्ट करत असतो असं नाही. त्याच्याबरोबर तीन अनोळखी माणसं अडकलेली असतात, आणि तो उठला तर त्यांचाही खेळ मोडतो. यावर उपाय एकच: जेवणाच्या वेळेआधी पाऊण तासात डन्जनमध्ये, म्हणजे गटाने लढत पार करायच्या राक्षसांच्या भुयारात, शिरायचं नाही. कुकर लागला की फार तर गावात फिरायचं, मासे पकडायचे, बाजार बघायचा. हा नियम मुलांनी पाळला की मोठ्यांनीही मधेच वायफाय बंद करायचं नाही.

पायरी तिसरी: टेबल मांडा

साहित्य थोडं लागतं. कागद, पेन्सिल, खोडरबर आणि फासे. फाशांचा संच सात नगांचा असतो: चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, शिवाय शेकड्यासाठी दहा बाजूंचा आणखी एक. हा संच ऑनलाइन मागवता येतो, पण त्यासाठी अडून बसू नका. मोबाइलवर फासे टाकता येतात. आम्ही पहिले दोन महिने एका वाडग्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून खेळलो. त्यात एकच काळजी घ्यायची: काढलेली चिठ्ठी घडी करून लगेच परत टाकायची. नाहीतर वीस एकदा निघून गेला की उरलेल्यांना तो मिळणारच नाही.

नियमांचं पुस्तकही विकत घेण्याची घाई नको. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उपलब्ध आहेत. हा परवाना मला फार मोलाचा वाटतो, कारण मूळ श्रेय दिलं की या नियमांचा मराठी अनुवाद करून वाटायलाही त्यात पूर्ण मुभा आहे. आमच्या टेबलावरचं चार पानी मराठी पत्रक असंच तयार झालं, आणि खजुरी बाजारातून आणलेल्या फायलीत ते आजही आहे.

पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची शक्ती. नवख्यांनी १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे आपल्या मर्जीने या गुणांना वाटायचे. प्रत्येक आकड्यातून एक बेरीज निघते: १५ आणि १४ ला अधिक दोन, १३ आणि १२ ला अधिक एक, १० ला शून्य, ८ ला उणे एक. काही जोखमीचं करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, बेरीज मिळवायची आणि गेम मास्टरने ठरवलेला आकडा गाठायचा. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, कठीण कामाला २०. पहिल्या दिवशी लढाईचे थोडे नियम सोडले तर एवढंच पुरतं.

खेळायच्या आधी अर्धा तास नुसतं बोला. याला सेशन झिरो म्हणतात. गोष्टीत काय नको ते प्रत्येकाने सांगायचं. आमच्याकडे एकीला सापांचं वर्णन सहन होत नाही, म्हणून आमच्या जगात साप नाहीत. कारण विचारायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं.

पायरी चौथी: पहिली गोष्ट ओळखीच्या जागी घडवा

नवखे गेम मास्टर परदेशी किल्ले आणि ड्रॅगनपासून सुरुवात करतात आणि वर्णन करताना अडखळतात. तुम्ही पाहिलेली जागा घ्या. महूहून महेश्वरकडे उतरताना विंध्याच्या कड्यावर अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा आहे. पावसाळ्यात तिथे ढग अंगावरून जातात आणि खाली निमाड कधी दिसतो, कधी नाहीसा होतो. आमची पहिली गोष्ट तिथेच झाली. काळ अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतला, म्हणजे १७६७ ते १७९५ मधला, राजधानी महेश्वरला. पात्रं एका तांड्याबरोबर महेश्वरच्या साड्यांचे गठ्ठे घेऊन इंदूरकडे चढतात, आणि दरवाज्यापाशी धुक्यात वाटमारे आडवे येतात.

मी लढाईची तयारी केली होती. वाटमारे सहा, प्रत्येकाचे हिट पॉइंट लिहिलेले. माझी आठवीतली भाची तांड्यातल्या व्यापाऱ्याची मुलगी झाली होती. तिची पाळी आली तेव्हा तिने फाशाला हातच लावला नाही. म्हणाली, “मावशी, यातला सगळ्यात लहान कोण आहे?”

माझ्या कागदावर वय लिहिलेलंच नव्हतं. मी म्हटलं, “एक आहे, सोळा-सतरा वर्षांचा. भाला धरलाय, पण हात थरथरतोय.”

“मी त्याच्यासमोर भाकरीचं फडकं सोडते आणि म्हणते, घरी कोण वाट बघतंय तुझी?”

तिची बेरीज होती अधिक दोन. मी आकडा ठेवला १५. म्हणजे फाशावर तेरा किंवा वर यायला हवा, शंभरात चाळीस वेळा जमेल असं काम. पण भुकेल्यापुढे भाकरी ठेवणं ही युक्ती चांगली होती, म्हणून मी तिला अॅडव्हान्टेज दिलं: दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. त्याने शक्यता चौसष्टवर जाते. पहिला फासा सात. दुसरा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळला, ताटलीला लागून थांबला. तेरा. तेरा अधिक दोन, बरोबर पंधरा. त्या पोराने भाला खाली टाकला, आणि माझी तयार केलेली लढाई झालीच नाही. तो पोरगा पुढे आमच्या तांड्याचा वाटाड्या झाला आणि वर्षभर गोष्टीत राहिला.

ऑनलाइन गेममध्ये त्या पोरगेल्या वाटमाऱ्याला घर नसतं. कुणी ते लिहिलंच नसेल तर ते विचारताही येत नाही. म्हणून गेम मास्टर होणाऱ्यांना माझा आग्रह आहे: तयारी तीनच गोष्टींची करा, एक जागा, एक माणूस, एक अडचण. बाकीचं खेळाडूंच्या प्रश्नांतून येऊ द्या. “नाही” म्हणण्याऐवजी “टाक फासा” म्हणा. आणि दर वेळी संपूर्ण वर्णन झालं की एकच प्रश्न विचारा: तू काय करतेस?

इथे भाषेबद्दल बोलायलाच हवं. आमची मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, आणि घरच्या मराठीतही “दार खुलत नाहीये” असं इंदुरी वळण येतं, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. पण टेबलावर पात्र अठराव्या शतकातलं असलं की त्यांना शब्द लागतात. मुक्कामाला काय म्हणायचं? घोडे बांधतात ती जागा कोणती? मग आतल्या खोलीतून आजी सांगते, पडाव, पागा, नाका, वाटाड्या. ऑनलाइन चॅटमध्ये कामापुरती इंग्रजी अक्षरं चालतात, आणि तिथे तेच सोयीचं आहे. समोरचा माणूस मनिलाचा असू शकतो. मराठीत तीन तास खोटं खोटं का होईना, दुसरा माणूस होऊन बोलायला मात्र टेबलच लागतं.

पायरी पाचवी: मग ऑनलाइन जा

तीन-चार शनिवार झाले की जरूर जा. या क्रमाचं कारण माझ्या भाच्याने शिकवलं. तो आधी ऑनलाइन खेळून आला होता, आणि पहिले दोन शनिवार माझं वर्णन संपलं की विचारायचा, “ऑप्शन काय काय आहेत?” यादीतून निवडायची सवय मोडायला वेळ लागतो. टेबलावरून ऑनलाइन जाणाऱ्याला तिथलं बंद दार दोन दिवस टोचतं, पण मग तिथल्या मोठ्या जगाची मजा कळते.

आधी यंत्र बघा. फक्त मोबाइल असेल तर ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ किंवा ‘अल्बियन ऑनलाइन’. दोन्ही एकाच खात्याने मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर चालतात. बरा कॉम्प्युटर असेल तर ‘फायनल फँटसी १४’ची फुकट चाचणी सत्तराव्या लेव्हलपर्यंत आहे आणि तिला दिवसांची मुदत नाही. ‘गिल्ड वॉर्स २’ला मासिक वर्गणी लागत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळून बघता येतो. डाउनलोड मोठे असतात, रात्री लावून ठेवा.

सर्व्हर, म्हणजे गेमचं जग ज्या दूरच्या कॉम्प्युटरवर चालतं तो, निवडताना नकाशा आठवा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. इंदूरहून सिंगापूर चार हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन निदान ४० मिलीसेकंद. अमेरिकेचा पूर्व किनारा बारा हजारांच्या पुढे, म्हणजे निदान १२०. प्रत्यक्षात तारा वळणं घेत जातात म्हणून दोन्हीकडे आकडा वाढतो. यालाच पिंग म्हणतात, आणि घरी कितीही महागडं कनेक्शन घेतलं तरी हे अंतर कमी होत नाही. गेममध्ये आशियाचा सर्व्हर असेल तर तोच घ्या. पण तुमचे मित्र दुसऱ्या सर्व्हरवर असतील तर मित्रांकडे जा. हळू लढाई चालते, एकटेपणा नाही.

गटात जायची वेळ आली की तीन कामं असतात. टँक मार अंगावर घेतो, हीलर जखमा भरतो, डीपीएस शत्रूला मारतो. ‘फायनल फँटसी १४’च्या साध्या डन्जनमध्ये चार जण, त्यांत टँक एक, हीलर एक, डीपीएस दोन, ‘वॉरक्राफ्ट’मध्ये पाच, डीपीएस तीन. नवख्याने डीपीएस घ्यावं, कारण एका चुकीने सगळा गट मरत नाही. मला स्वतःला हीलर आवडतो. चार हिरव्या पट्ट्या डोळ्यांसमोर असतात, एक झपाट्याने उतरायला लागते, आणि कुठल्यातरी देशातल्या अनोळखी माणसाचा जीव तुमच्या एका बटणावर असतो. पहिल्यांदा शिरताना चॅटमध्ये सरळ लिहा की मी नवीन आहे. ‘फायनल फँटसी’मध्ये तर पहिल्यांदा येणारा कुणी गटात असला की बाकीच्यांना वरचं बक्षीस मिळतं, जुन्यांनी नव्यांना सांभाळावं म्हणून केलेली ही सोय मला फार आवडते.

पायरी सहावी: पैसे, पासवर्ड आणि माणसं

फुकट गेमची कमाई आतल्या दुकानातून होते. मुलांच्या खात्याला कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नका. खर्च करायचाच असेल तर महिन्याचा आकडा आधी कागदावर लिहा. भाच्याच्या एका मित्राला गेममध्ये कुणीतरी फुकट सोनं देतो म्हणाला आणि पासवर्ड मागितला. दोन वर्षांचं पात्र एका रात्रीत रिकामं झालं. पोरगा आठवडाभर नीट जेवला नाही, आणि त्याचं दुःख खरं होतं. म्हणून टू-स्टेप लॉगिन पहिल्याच दिवशी सुरू करा, ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि पात्राच्या नावात खरं नाव, शाळा, कॉलनी येऊ देऊ नका.

कुणी घाण बोललं तर वाद घालू नका: म्यूट, ब्लॉक, रिपोर्ट, याच क्रमाने. टेबलावर ही बटणं नाहीत. तिथे खेळ थांबवून, चहा ठेवून बोलावं लागतं. एकदा दोन भाऊ लुटीतल्या एका ढालीवरून इतके पेटले की आम्ही तो शनिवार तिथेच संपवला; पुढच्या वेळी धाकट्याने ढाल थोरल्याच्या पात्राला नेऊन दिली. प्रोग्राम असता तर ढाल कुणाची हे त्यानेच ठरवून टाकलं असतं, आणि ती देण्याची वेळच आली नसती.

आपला पिंड कोणता हे कळत नसेल तर बार्टल यांनीच १९९६ मध्ये केलेली विभागणी कामी येते. काहींना यश मिळवायचं असतं, काहींना जग धुंडाळायचं असतं, काहींना माणसं हवी असतात, काहींना दुसऱ्याला हरवायचं असतं. पहिल्या आणि शेवटच्या जातीचे लोक ऑनलाइन लवकर रमतात. माणसं हवी असणाऱ्यांनी टेबल सोडू नये. कुणी गाव सोडून गेलं तरी ते सुटायला नको: आमची एक खेळाडू नोकरीला पुण्याला गेली, आता ती व्हिडिओ कॉलवर असते, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला, आणि तिचे फासे तीच टाकून आकडा सांगते. आम्ही तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

पायरी सातवी: वही ठेवा

ऑनलाइन जगाची आठवण सर्व्हर ठेवतो. टेबलावरची आठवण कुणी लिहिली नाही तर दोन शनिवारांत जाते, आणि मग “तो वाटाड्या कुठे सोडला होता?” यावर अर्धा तास मोडतो. शंभर पानी वही घ्या, दर वेळी लिहिणारा बदला, आणि चार ओळींच्या वर लिहू नका: कोण आलं, कुठे थांबलो, कुणाकडे काय आहे, कुणाचं काय देणं राहिलं. आमच्या वहीतलं पहिल्या दिवसाचं पान भाचीच्या अक्षरात आहे:

“आलो पाच जण. जाम दरवाज्यापाशी पडाव, धुकं अजून आहे. गठ्ठे सगळे शाबूत, भाकऱ्या संपल्या. वाटाड्याच्या आईला महेश्वरला निरोप द्यायचा आहे.”